ऑस्ट्रेलियाचा ४९४ व्हिसा म्हणजे खेड्यात जाऊन राहायचं का? एजंट त्यासाठी पैसे मागतोय, द्यावेत का?

नाही हो, खेडं वगैरे काही नाही. ‘रीजनल’ (प्रादेशिक) भागातला मालक नोकरीसाठी स्पॉन्सर करतो, तेव्हा मिळणारा हा व्हिसा आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून बाकी सगळं ‘रीजनल’ धरतात, म्हणजे पर्थ, ॲडलेड, गोल्ड कोस्ट, अगदी राजधानी कॅनबरासुद्धा.

व्हिसा ५ वर्षांचा असतो, ३ वर्षं झाली की १९१ व्हिसाला, म्हणजे पीआरला (कायम राहण्याच्या परवान्याला) अर्ज करता येतो. त्यासाठी टॅक्सचे कागद लागतात, ते पहिल्या वर्षापासून जपा. ४९४साठी साधारणपणे वय ४५च्या आत, ३ वर्षांचा अनुभव, स्किल असेसमेंट (तुमच्या कौशल्याची अधिकृत तपासणी) आणि आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात किमान ६ लागतात.

खरी गोम अशी की तुम्ही स्पॉन्सर करणाऱ्या त्या एकाच मालकाला बांधलेले असता. नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात (२०२४च्या जुलैपासून, आधी याहून कमी होते), म्हणून सही करण्याआधी कंपनी नीट बघून घ्या, नुसता पगार बघू नका.

आणि पैशांचं म्हणाल तर व्हिसाची फी, वकिलाची फी हे ठीक, पण स्पॉन्सरशिप द्यायचेच पैसे कोणी मागत असेल तर तो तिथे सरळ गुन्हा आहे, देणाराही अडकतो. ट्रेनिंग लेव्ही म्हणून ३ किंवा ५ हजार डॉलर भरावे लागतात ते मालकानेच, तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत.