रात्री दोनला फोन करणारी ‘बाई’ कोण?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या विहिरीवर सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारा डबा) बसवलाय. परवा रात्री दोनला त्याचा फोन आला, वडिलांनी उचलला. बाई म्हणते, "मोटर बंद झाली आहे. ड्राय रन." वडील विचारतायत कोण बोलतंय, कुठून बोलतंय, आणि ती आपली तेच तेच. वर व्होल्टेज सांगताना "तीन, आठ, पाच" असं तुटक तुटक. सरळ तीनशे पंच्याऐंशी म्हणायला काय होतं तिला? आणि हा डबा बोलतो कसा?
– एक वाचक, माढा तालुका

उत्तर : वडिलांना म्हणावं बाई खरी आहे, पण तिचं बोलून कधीच झालंय. कुठल्यातरी स्टुडिओत बसून तिने "मोटर", "चालू", "बंद", "लाईट नाही" असे तुकडे एकदाच रेकॉर्ड करून दिलेत, ते डब्यातल्या चिपमध्ये पडून असतात. पाणी संपलं की मोटरवरचा लोड कमी होतो, करंट उतरतो, तेवढ्यावरून डब्यातल्या कंट्रोलरला कळतं की ड्राय रन झालंय, म्हणजे मोटर पाण्याविना फिरतेय, तो मोटर बंद करतो, सिमवरून तुमचा नंबर लावतो आणि हवे ते तुकडे एकामागे एक वाजवतो. बस्स. झालं तिचं बोलणं.

दुसरी पद्धत म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज जसाच्या तसा न वाजवता चिपमध्येच तयार करायचा. १९७८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने मुलांना स्पेलिंग शिकवणारं बोलकं खेळणं काढलं तेव्हापासून हे स्वस्तात जमायला लागलं. नंतरच्या काही चिप्समध्ये तर अख्खे शब्द नव्हतेच, चौसष्ट छोटे छोटे ध्वनी, ते जोडून कुठलाही शब्द बनवायचा. पण ते ध्वनी इंग्रजीचे, त्यात ना आपला ळ ना ण. अशा चिपने "विहिरीतलं पाणी" म्हटलं असतं तर वडिलांनी नक्कीच फोन आपटला असता!

आता तुमचा खरा प्रश्न, तुटक आकड्यांचा. हा दोष बाईचा नाही, आपल्या मराठीचा आहे (दोष म्हणायचं जिवावर येतं, पण आहे). इंग्रजीत ट्वेंटी, थर्टी रेकॉर्ड केलं की पुढे वन, टू जोडायचं, तीसेक तुकड्यांत नऊशे नव्व्याण्णवपर्यंत जाता येतं. आपल्याकडे पंच्याऐंशीत ना धड पाच ऐकू येतो ना ऐंशीला काही जोडता येतं, एकोणचाळीस म्हणायला तर चाळिसातून एक वजा करावा लागतो, म्हणजे एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकडा वेगळा रेकॉर्ड करायचा. फोनच्या दर्जाचा साधा आवाज सेकंदाला आठ केबी खातो, म्हणजे आकड्याला एक सेकंद धरला तर शंभर आकडे आठशे केबी. आज हे काहीच नाही, पण स्वस्तातल्या चिपमध्ये एकूण दहा-वीस सेकंदच मावायचे तेव्हा शून्य ते नऊ असे दहा आकडे बोलवणं हाच मार्ग होता, आणि बऱ्याच कंपन्यांनी पुढे तो बदललाच नाही.

आणि माझं विचाराल तर बदलू पण नये. साध्या फोन कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच आवाज जातो, आणि "स" चा बहुतेक जोर त्याच्या वर असतो. तो कापला गेला की "साठ" आणि "आठ" यात फरक तो काय राहिला? रात्री दोनला, झोपेत, एका कानाने! त्यापेक्षा "सहा, शून्य" बरं.

आता ती तेच तेच का बोलत होती. पलीकडे माणूस आहे की आन्सरिंग मशीन हे तिला कळत नाही, म्हणून बऱ्याच डब्यांत मेसेज दोन-तीनदा वाजतो आणि "समजलं असेल तर एक दाबा" म्हणते, नाही दाबलं तर डबा यादीतला पुढचा नंबर लावतो. एक दाबलं की ६९७ आणि १२०९ हर्ट्झ असे दोन सूर एकाच वेळी वाजतात. माणसाच्या तोंडून ही नेमकी जोडी सहसा निघत नाही म्हणून ती ठरवलीय, नाहीतर वडिलांच्या "कोण बोलतंय?" लाच डब्याने बटण समजलं असतं. त्यात बाईचाच आवाज लाईनवरून परत येऊन तुमचे सूर झाकू शकतो, म्हणून ती बोलत असताना बटण लागलं नाही तर तिचं बोलणं संपू द्या, मग दाबा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगतो. "लाईट गेली" हे सांगायला डब्याला स्वतःची बॅटरी लागते, ती बसली की लाईट गेल्याचा फोन येणारच नाही. सिमचं रिचार्ज संपलं तरी तेच. बाई गप्प आहे म्हणजे सगळं ठीक असं आपण धरून चालतो ना, तिथेच मोटर जळते. आमच्याकडे रिचार्जची तारीख पेटीच्या झाकणावर आतून खडूने लिहून ठेवलीय.