स्पूल टेपचे अल्बम जमवायचे तर आधी यंत्र घ्यावं की टेप?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात राहून रील-टू-रील टेपवरचे, म्हणजे एका उघड्या स्पूलवरून दुसऱ्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या टेपवरचे अल्बम जमवायचे असतील तर सुरुवात यंत्रापासून करावी की टेपपासून. माझ्या मते आधी कुठल्या जातीची टेप ऐकणार ते ठरवा, यंत्र त्यावरून ठरतं.

१९६०-७० च्या दशकांत दुकानांत विकले गेलेले परदेशी अल्बम बहुतेक चार ट्रॅकचे (टेपच्या रुंदीत आवाजाच्या चार पट्ट्या, दोन एका बाजूच्या आणि दोन उलट दिशेच्या दुसऱ्या बाजूच्या), सेकंदाला साडेसात किंवा पावणेचार इंच वेगाचे. एक बाजू संपली की स्पूल उलटायचं. आता मास्टरवरून, म्हणजे अल्बमच्या मूळ टेपवरून काढलेल्या ज्या प्रती मिळतात त्या दोन ट्रॅकच्या, सेकंदाला १५ इंच. साडेदहा इंची स्पूलवरची २,५०० फूट टेप ३३ मिनिटांत संपते, म्हणून एका अल्बमला बहुधा दोन स्पूल लागतात आणि किंमत शेकडो डॉलरांत जाते. पण माझी पहिली १५ इंचांची टेप लावली तेव्हा झांजेचा आवाज विरत विरत कुठवर जातो ते पहिल्यांदा कळलं. टेप संपून टोक फटफटत राहिलं तरी मी जागचा हललो नाही.

तरीही सुरुवात चार ट्रॅकपासून करा. चार ट्रॅकची टेप दोन ट्रॅकच्या हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) लावू नका, दुसऱ्या बाजूचं गाणं उलटं ऐकू येतं. अमेरिकेतून आलेल्या जुन्या यंत्राची मोटर नक्की तपासा. ६० हर्ट्‌झवर बेतलेली मोटर आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झवर सहाव्या हिश्श्यानं मंद फिरते आणि काळी तीनचं गाणं काळी दोनच्या आसपास उतरतं. रेव्हॉक्स कंपनीच्या ए७७ किंवा बी७७ यंत्रांत ही अडचण येत नाही.

मला खरा फटका बसला तो चिकट टेपचा. मुंबईहून एक स्पूल मागवलं होतं. दोन मिनिटं सुरेख वाजलं, मग हेडपाशी किर्रर्र सुरू झालं आणि वरचे सूर बोथट झाले. थांबवून कापसाची काडी फिरवली तर तिच्यावर काकवीसारखा तपकिरी लेप. मागच्या बाजूला काळा थर दिलेल्या १९७०-८० च्या बऱ्याच टेपांत लोहकण धरून ठेवणारं बाइंडर हवेतली ओल पिऊन मऊ पडतं. अशी टेप ५० ते ५५ अंशांवर आठेक तास भाजतात. मी फळं वाळवायच्या डिहायड्रेटरमध्ये भाजली, कारण घरच्या ओव्हनचं तापमान वरखाली होतं. त्यानंतर काही आठवडे ती नीट वाजते, तेवढ्यात प्रत काढून घ्यायची. ॲसिटेट या प्लॅस्टिकच्या पट्टीवर बनलेली जुनी टेप मात्र कधीच भाजू नका. स्पूल उजेडासमोर आडवं धरलं आणि थरांतून उजेड आरपार आला, तर ती ॲसिटेट. व्हिनेगरचा वास आला तर घेऊच नका.

ओलीच्या बाबतीत आपली कोरडी हवा मुंबईपेक्षा खूप बरी. आपल्याला भीती मे महिन्याची. उष्णतेनं एका थरातला आवाज शेजारच्या थरावर जास्त उमटतो आणि गाणं सुरू होण्याआधीच त्याची पुसट चाहूल येते. म्हणून दोन ट्रॅकची टेप वाजवून झाली की मी मागे गुंडाळत नाही, शेवट बाहेर ठेवूनच डब्यात घालतो. मग ती चाहूल सुरानंतर येते आणि त्यातच बुडून जाते. डबे उभे, तळमजल्यावर, स्पीकरपासून लांब. पत्र्याच्या खोलीत एक दिवससुद्धा नको.

यंत्र बघायला जाल तेव्हा ते बंद असताना हेडवरून हलकं नख फिरवा. टेपच्या कडेच्या जागी नख खाचेत अडकलं तर हेड झिजलंय, भाव कितीही उतरवला तरी ते घेऊ नका.