विचारा बिनधास्त: 'का' सोडा, कागद मागा

28 सप्टेंबर, म्हणजे माहिती अधिकार दिन, जवळ आला की आमच्याकडे माहिती अधिकाराची पत्रं वाढतात. यावेळी तीन घेतली, पहिल्यावर जास्त वेळ गेला, पण प्रश्नच तसा होता.

प्रश्न: आमच्या वस्तीत सिमेंट रोड झाला, रोड वर अन् घरं खाली. पहिल्याच पावसात पाणी हॉलमध्ये शिरलं. रोड एवढा उंच का केला अन् जबाबदार कोण, असा माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर उत्तर आलं, 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही'. आता काय करू? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर: भाऊ, राग येणारच, पण त्या उत्तरात थोडं तथ्य आहे बरं का. माहिती म्हणजे ऑफिसच्या रेकॉर्डवर जे आहे ते. फाईलमध्ये कारण लिहिलेलंच नसेल तर ते अधिकाऱ्यानं तुमच्यासाठी नव्यानं तयार करून द्यायचं बंधन नाही, सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये सीबीएसईच्या केसमध्ये हेच सांगितलं. म्हणून 'का' सोडा अन् कागद मागा, तेही नाव घेऊन: मंजूर अंदाजपत्रक, रोडच्या लेव्हल दाखवणारा नकाशा, कार्यादेश, ठेकेदाराशी झालेला करारनामा, क्वालिटी टेस्टचे रिपोर्ट, दिलेली बिलं आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे आपली एमबी.

खरी गंमत एमबीत असते. कुठून कुठवर किती जाडीचं काँक्रीट पडलं ते त्यात लिहून खाली इंजिनिअरची सही असते अन् त्यावरच बिल निघतं. आता अंदाजपत्रकात जुना रोड खोदून काढायची आयटम आहे का ते बघा. आयटम आहे, एमबीत मोजमाप आहे, बिलही निघालं अन् वस्तीत कोणी खोदकाम होताना पाहिलंच नाही, तर जुन्या रोडवरच नवा चढवला, तुमच्या 'का'चं उत्तर सापडलं समजा! करारनाम्यात दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत, कुठवर आहे तेही पाहून घ्या, दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं होऊ शकते का हे त्यावरून कळतं. अन् हे फार लोकांना माहीत नसतं, कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि मटेरिअलचा प्रमाणित नमुना घ्यायचाही अधिकार आहे, नुसत्या झेरॉक्सचा नाही.

अपील करत बसण्यापेक्षा नवा अर्ज टाका. आपल्या राज्यात नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, त्यामुळे रोडसोबत नालीचं अन् पथदिव्यांचं गाऱ्हाणं त्यातच कोंबू नका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही. उत्तराला 30 दिवस. मुदत टळली तर माहिती फुकट द्यावी लागते अन् तुम्ही 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करू शकता, ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. तिथंही जमलं नाही तर राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ इथंच नागपूरला आहे, मुंबईला जायची गरज नाही. फक्त तारीख लवकर लागेल अशी आशा ठेवू नका.

प्रश्न: मी रिटायर्ड माणूस. अर्ज द्यायला गेलो तर बाबू म्हणतो, 'काका, माहिती कशाला पाहिजे ते आधी लिहून द्या.' द्यावं लागतं का? (मानकापूर)

उत्तर: अजिबात नाही जी. कलम 6(2) वाचून दाखवा, कारण विचारताच येत नाही, संपर्कासाठी नाव-पत्ता दिला की झालं. 'हे आमच्या ऑफिसचं नाही' म्हणाले तरी परत फिरू नका, 5 दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवणं त्यांचं काम आहे. अन् पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

प्रश्न: आमच्या महिला मंडळाला यंदा माहिती अधिकार दिन साजरा करायचाय. पाहुणे, भाषण, सत्कार सोडून काय करता येईल? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: ताई, 'सोडून' म्हणालात तिथंच अर्धं काम झालं. 2002 मध्ये बल्गेरियातल्या सोफिया शहरात माहिती स्वातंत्र्यवाले कार्यकर्ते जमले होते, तिथून हा दिवस आला, नंतर 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही तो मानला, आपलं राज्य मात्र 2008 पासूनच पाळतंय. केंद्राचा कायदा 2005 चा, पण महाराष्ट्रानं त्याआधीच स्वतःचा केला होता, हे पोरींना नक्की सांगा.

मला विचाराल तर राजस्थानवाल्यांसारखी जनसुनवाई करा. तिकडे 1994 पासून मजदूर किसान शक्ती संगठननं गावागावात सरकारी मस्टर रोल, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, लोकांसमोर मोठ्यानं वाचले अन् मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलल्याचं बाहेर आलं. तुम्ही आतापासून अर्ज टाकून वस्तीतल्या एकाच कामाची कागदपत्रं मागवा, बाग घ्या नाहीतर अंगणवाडी, अन् त्या दिवशी बिलातल्या वस्तू एकेक वाचायच्या, बाया त्याच जागेवर जाऊन मोजतील, घसरगुंडी आहे का, बाक किती आहेत. कागद वेळेत मिळाले नाहीत तर तिथंच बसून सगळ्यांनी मिळून पहिल्या अपिलाचा फॉर्म भरा, तोही कार्यक्रमच झाला. हार-शालीचे पैसे वाचतील त्यात 20 रुपयांचे स्टॅम्प आणून ठेवा.