इंदूरला पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ६ × २ × २ फुटांचा फायबरग्लासचा फिशटँक ठेवावा का?

ठेवा, पण टाकीआधी जमिनीचा विचार करा. या मापात साधारण ६८० लिटर पाणी मावतं, म्हणजे ६८० किलो. वर वाळू, दगड, स्टँड वेगळंच. घराचा स्लॅब सहसा चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरतात आणि तुमची टाकी त्याच्या तिप्पट भार एकाच जागी टाकणार. म्हणून हॉलच्या मधोमध नको, बीमवरच्या भिंतीला लागून ठेवा. जुनं घर असेल तर इंजिनिअरला दाखवाच. खरं तर मी तळमजलाच निवडेन.

फायबरग्लास हलका आणि चिवट, पण आरपार दिसत नाही. समोर काच बसवलेली टाकी घेतलीत तर काचेचा जोड नखाने तपासा, सिलिकॉन कुठे सुटलंय का ते कळतं. तळ पूर्ण टेकायला हवा, नुसत्या चार पायांवर नको. आमच्याकडे लेव्हल न बघताच पाणी भरलं, तर एका कडेला पाणी बोटभर खाली! सगळं उपसून पुन्हा मांडणी.

नव्या टाकीला रेझिनचा वास येतो. तो जाईपर्यंत दोन-तीनदा भरून रिकामी करा. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, अँटीक्लोरीन घाला. बोअरिंगचं पाणी जड निघालं तर मासे त्याप्रमाणे निवडा. फिल्टर चार-सहा आठवडे चालला की मगच मासे, तेही थोडे थोडे.