जग संपणार असेल तर फ्लॅट कशाला घ्यायचा?

मी समुपदेशक आहे. इस्राएलमध्ये काही पेटलं की आठवड्याभरात माझा फोन वाजायला लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासचा हल्ला झाला तेव्हा वाजला, जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराणमध्ये क्षेपणास्त्रं उडाली तेव्हा वाजला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणारे, वर उचलली जाणार असे रील्स फिरले, तेव्हा तर विचारूच नका. फोन करणारे बहुतेक आपलेच ख्रिस्ती लोक, पुणे-नगर-सोलापूरकडचे, शिकलेले, नोकरीधंद्यातले. शब्द वेगवेगळे, काळजी एकच: "मॅडम, हाच शेवटचा काळ का? आणि असला तर मी मागे राहीन का?"

विषय ज्यांना परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. येशूचं दुसरं येणं सगळेच ख्रिस्ती मानतात. त्यातला एक मोठा गट त्यापुढे जाऊन म्हणतो की त्याआधी खरे विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातील (यालाच 'रॅप्चर' म्हणतात), मागे उरलेल्यांवर सात वर्षांचं महासंकट येईल, ख्रिस्तविरोधक उभा राहील आणि हे सगळं इस्राएलच्या भूमीभोवती घडेल. १९४८ साली इस्राएल राष्ट्र पुन्हा उभं राहिलं, ती त्याची पहिली खूण. 'इस्राएल हे देवाचं घड्याळ' हे वाक्य आता तालुक्याच्या प्रार्थनासभेतही ऐकू येतं. घड्याळ म्हटलं की काटे बघत बसणं आलंच.

आशिष (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) असाच काटे बघून दमला होता. पुण्यात चांगली नोकरी, वय तिशीचं. गावाकडे आई एकटी, वडील दोन वर्षांपूर्वी वारलेले. फ्लॅटचं टोकन देऊन ठेवलेलं, पण ॲग्रीमेंटची तारीख हा सारखा पुढे ढकलत होता. लग्नाचं तर बोलणंच बंद. रात्री दोन-अडीचपर्यंत व्हिडिओ: बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकातले इस्राएलवर चालून येणारे गोग-मागोग म्हणजे कोणता देश, मंदिराच्या शुद्धीविधीसाठी टेक्सासहून इस्राएलात नेलेल्या तांबड्या कालवडी, यरुशलेमेतलं मंदिर पुन्हा कधी बांधणार. सकाळी डोळे लाल.

"परवा आईला फोन लावला," तो म्हणाला. "उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मॅडम, मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो. वाटलं, आई गेली वर. मी राहिलो."

"आणि आई कुठं होत्या?"

"गिरणीत. दळण आणायला."

तो हसला नाही, मीही हसले नाही. अशा वेळी घाईनं धीर देणारे फार असतात, 'असं काही होत नसतं रे' म्हणून मोकळे होतात. माझी पद्धत निराळी. माणूस ज्या ग्रंथाला मानतो त्या ग्रंथाच्या बाहेर नेऊन त्याला शांत करता येत नाही. शांत झाला तरी ते टिकत नाही. मी त्याला पहिल्यांदाच सांगितलं, "तुझ्या पाळकांशी किंवा आईशी भांडायला मी बसलेले नाही. येशू येणार की नाही, हा आपला विषयच नाही. तू ॲग्रीमेंट का करत नाहीस, हा आहे."

पुढच्या भेटींमध्ये बरंच बोलणं झालं. त्यातलं इतरांच्या कामी येईल तेवढं लिहिते.

ही 'उचलले जाण्याची' मांडणी आज जशी सांगितली जाते तशी ती पहिल्या शतकापासूनची आहे असं आशिषला वाटत होतं. तशी ती नाही. इंग्लंड-आयर्लंडमध्ये १८३० च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने तिला आकार दिला. इस्राएलसाठी देवाची एक योजना आणि मंडळीसाठी दुसरी, अशी त्याची विभागणी. १९०९ मध्ये स्कोफिल्ड या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या टिपांसह छापलेलं बायबल आलं आणि ती अमेरिकेत घरोघरी गेली. त्याच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, संत ऑगस्टीनने प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं म्हणजे मंडळीचा चालू काळच, असा अर्थ लावला होता. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या आजही साधारण त्याच वाटेने जातात. प्रेषित पौल तर रोमकरांस पत्रात जैतुनाच्या एकाच झाडाबद्दल बोलतो. परराष्ट्रीय लोक त्यावर कलम केलेल्या फांद्या. मूळ फांद्यांपुढे, म्हणजे यहुद्यांपुढे, फुशारकी मारू नका, असं त्यांना बजावतो, आणि सगळ्या इस्राएलाच्या तारणाची आशाही सोडत नाही. या अध्यायावर विद्वानांचं आजवर एकमत नाही. मी स्वतः जुन्या मिशनच्या मंडळीत वाढले, त्यामुळे माझा कल कुठे हे वाचकांना कळलं असेलच. पण आशिषला मी एवढंच विचारलं, "प्रभूवर जीव टाकणारी इतकी माणसं इतकी शतकं वेगवेगळं वाचतात, तर तुझ्या मोबाइलमधल्या माणसाला तारीख कुठून मिळाली?"

तारखांचा इतिहास तर पाहण्यासारखा आहे. विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली. १९४८ मध्ये एक पिढी, म्हणजे चाळीस वर्षं, मिळवून एका निवृत्त अमेरिकन अभियंत्याने १९८८ साठी अठ्ठ्याऐंशी कारणं देणारी पुस्तिका काढली. २१ मे २०११ च्या तर मोठमोठ्या पाट्या लागल्या होत्या. मत्तय २४ मध्ये येशू स्वतः म्हणतो की तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. तारीख सांगणाऱ्याला हे वचन दाखवलं की तो म्हणतो, दिवस आणि घटका माहीत नाही, पण महिना सांगता येतो! यावर आशिष पहिल्यांदा मोकळेपणी हसला.

हसला, पण ॲग्रीमेंट केलं नाही. माहितीनं भीती थोडी सैल होते, गाठ सुटत नाही. मला एक गोष्ट सुरुवातीपासून खटकत होती. नोकरी तो सोडत नव्हता, गाडीचे हप्ते वेळेवर भरत होता. युगसमाप्तीची भीती नेमकी सहीपाशी येऊन का थांबत होती?

"वडील काय करायचे?" मी विचारलं.

"दस्तलेखक होते. रजिस्ट्री ऑफिससमोर टेबल टाकून बसायचे. तालुक्यातली निम्मी खरेदीखतं त्यांच्या हातची."

मी त्याच्या हातात बायबल दिलं आणि यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय मोठ्यानं वाचायला सांगितलं. पार्श्वभूमी अशी: बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलाय. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच वर्षानुवर्षं सांगत आलाय आणि त्यापायी राजवाड्याच्या चौकात कैदेत आहे. अशात चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रूची फौज दाराशी असताना कोण जमीन घेईल? यिर्मया घेतो.

आशिष वाचत होता. सतरा शेकेल रुपं तोलून दिलं. खतावर सही केली. मोहोर लावली. साक्षीदार घेतले. इथं त्याचा आवाज बदलला. "थांबा मॅडम. मोहोरबंद खत वेगळं आणि उघडं खत वेगळं... म्हणजे मूळ दस्त आणि नक्कल!" तो पुढं सरकून बसला. "आणि साक्षीदारांनी सह्या केल्यात, चौकात बसलेल्या सगळ्या लोकांसमोर बारूखाच्या हातात दिलंय. म्हणजे उद्या कुणी हरकत घ्यायला नको. मातीच्या भांड्यात ठेवा म्हणतोय, खूप दिवस टिकावं म्हणून. हे सगळं अण्णा करायचे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर दोरी बांधायचे."

मग तो बराच वेळ गप्प बसला. मीही त्याला बसू दिलं. समुपदेशकाला गप्प राहता आलं पाहिजे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. शेवटी तोच बोलला, "अण्णांनी वाचल्याशिवाय आमच्या घरात कधी कुणी कागदावर सही केली नाही. हा पहिलाच कागद आहे."

गाठ इथं होती. वडिलांच्या माघारी पहिली मोठी सही करायची भीती त्याला वाटत होती. पण 'भीती वाटते' म्हणायला तिशीचा पुरुष लाजतो. 'प्रभू लवकर येणार आहे' म्हणायला लाजत नाही. भीतीला वचनाचा टेकू मिळाला की माणसाला ती भक्ती वाटायला लागते, घरचेही तिचं कौतुक करतात. शेवटच्या काळाच्या धास्तीनं येणाऱ्या अनेकांच्या तळाशी मला असंच काहीतरी अगदी घरगुती सापडलंय: आजारपण, कर्ज, न झालेला शोक.

यिर्मयालाही व्यवहार झाल्यावर कोडं पडलंच. शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, असं तो प्रार्थनेत देवालाच विचारतो. शंका घेऊनही सही करता येते, हे आशिषला त्या दिवशी फार आवडलं.

आता थोडं बाकीच्यांसाठी.

उचलले जाण्याचं म्हणून जे वचन सगळीकडे फिरतं, ते थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. ते पत्र घाबरवायला लिहिलेलं नाही. त्या मंडळीतली जिवलग माणसं वारली होती आणि मागचे दुःखात होते. त्यांच्यासाठी ते आहे, आणि या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा, असं सांगून तो भाग संपतो. जो संदेश ऐकून तुमची झोप उडते, तो हा शेवट गाळून सांगितलेला आहे एवढं नक्की समजा. दुसऱ्या पत्रात पौल बजावतो की प्रभूचा दिवस आलाच, असं आमच्या नावानं पत्र आलं तरी डळमळू नका. म्हणजे फॉरवर्डची कटकट त्यालाही होती. आणि त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, ज्यांनी कामधंदा सोडला होता त्यांना तो चांगलंच झापतो.

रात्री जेवणानंतर हे व्हिडिओ बंद. मुलांना शिस्त लावायला 'येशू आला तर तू मागे राहशील' हे वाक्य वापरू नका. ते वाक्य उराशी घेऊन चाळिशीत आलेली माणसं मी पाहिलीत. छातीत धडधड, झोप नाही, अन्न जात नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. त्यानं विश्वास कमी होत नाही.

शेवटी आशिषच्या आई भेटायला आल्या. डोक्यावर पदर, हातात बायबलची पिशवी. बसता बसताच विचारलं, "मॅडम, मग आता इस्राएलासाठी प्रार्थना करायची का नाही?"

"करा की. यरुशलेमेच्या शांतीसाठी प्रार्थना करा, हे स्तोत्रातच आहे. फक्त ताई, तिथं माणसं राहतात हे विसरू नका. आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्राएल यहुदी अश्दोदला आहेत, दिमोनाला आहेत, घरात अजून मराठी बोलतात. बेथलेहेमात पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती आहेत. गाझातल्या संत पोर्फिरियस चर्चच्या आवारात आसऱ्याला आलेले लोक ऑक्टोबर २०२३ च्या हवाई हल्ल्यात गेले. तेही आपल्यासारखंच प्रभूच्या येण्याची वाट पाहणारे. त्यांचंही नाव घ्या."

त्यांनी पिशवीतून छोटी वही काढली आणि मला चर्चचं नाव पुन्हा सांगायला लावून लिहून घेतलं. रॅप्चरवरचा त्यांचा विश्वास तसूभर हललेला नव्हता, आणि तो हलवणं माझं कामही नव्हतं. ॲग्रीमेंटचा विषय निघाल्यावर त्या आशिषकडे वळून म्हणाल्या, "माझं नाव दुसरं घाल हां. पहिलं तुझंच. मी आधी उचलली गेले तर कागदाचा घोळ नको."