आवाज बदलण्याआधी: हॅलिफॅक्सच्या एका बँडविषयी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले आणि सोबतची दोन्ही गाणीही ऐकली. दुसऱ्या गाण्यात तू ग्रोल (मेटलमधला घशातून गुरगुरल्यासारखा आवाज) सोडून सरळ गायला आहेस, कीबोर्ड पुढे आणला आहेस, आणि बँडमधल्या दोघांना हा विश्वासघात वाटतो आहे. आता पुढे काय करावे, असे तू विचारतोस. ‘मनाचे ऐक’ असे लिहून मी मोकळा झालो असतो, पण त्याने तुझे काम भागणार नाही. ज्या बँडने हाच प्रश्न पस्तीसहून अधिक वर्षे अंगावर घेतला, त्या पॅराडाइस लॉस्ट या इंग्लिश मेटल बँडची वाटचाल आपण जरा बारकाईने पाहू.

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स हे लोकरीच्या आणि गालिच्यांच्या गिरण्यांवर उभे राहिलेले गाव. तेथे 1988 मध्ये विशीच्या आसपासच्या मुलांनी हा बँड सुरू केला. निक होम्स गायक, ग्रेगर मॅकिन्टॉश लीड गिटारवर (म्हणजे मुख्य सुरावट वाजवणारा), अ‍ॅरन एडी ऱ्हिदम गिटारवर (म्हणजे खालचा ताल धरणारा) आणि स्टीव्ह एडमन्डसन बेसवर. ड्रमर पुढे अनेकदा बदलले, हे चौघे मात्र आजही एकत्र आहेत. 1990 चा पहिला अल्बम ‘लॉस्ट पॅराडाइस’ म्हणजे संथ केलेला डेथ मेटल (मेटलचा ग्रोलवर चालणारा, सर्वांत कर्कश प्रकारांपैकी एक), खडबडीत आणि काहीसा एकसुरी. पुढच्याच वर्षी ‘गॉथिक’ आला आणि चित्र पालटले. त्यात स्त्रीचा आवाज होता, वाद्यवृंदाच्या धर्तीचे तुकडे होते, आणि मुख्य म्हणजे एडीच्या जड रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यावर) तरंगत जाणारी मॅकिन्टॉशची शोकाकुल लीड होती. त्यांच्या कानावर स्वित्झर्लंडच्या केल्टिक फ्रॉस्ट या मेटल बँडचे प्रयोग होते आणि शेजारच्या लीड्समधून आलेल्या सिस्टर्स ऑफ मर्सी या बँडचा गॉथिक रॉक, म्हणजे उदास, गडद सुरांचा रॉकही होता. एका संपूर्ण शैलीला, म्हणजे गॉथिक मेटलला, पुढे ज्याचे नाव चिकटले, तो अल्बम असा दोन वेगळ्या आवडी एका खोलीत आल्यामुळे घडला.

यानंतरची चार वर्षे तू क्रमाने ऐकावीस, कारण तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथे आहे. 1992 च्या ‘शेड्स ऑफ गॉड’मध्ये होम्सचा आवाज ग्रोल आणि गाणे यांच्यामध्ये कोठेतरी अडकलेला आहे. 1993 च्या ‘आयकॉन’मध्ये तो दमदार, खरखरीत, पण शब्द स्पष्ट कळतील असा झाला. 1995 च्या ‘ड्रेकोनियन टाइम्स’मध्ये तो खऱ्या अर्थाने गाऊ लागला आणि हा अल्बम ब्रिटनच्या अल्बम विक्रीच्या यादीत सोळाव्या स्थानी पोहोचला. पाच वर्षांत गायकाचा आवाज जवळपास पूर्ण बदलला, तरी कोणताही एक टप्पा उडी मारल्यासारखा वाटत नाही. आपल्या दोन गाण्यांतली उडी तू याच्याशी ताडून पाहा. सरळ गाणे चुकले, असे माझे म्हणणे नाही. पण ग्रोलमधून सरळ गाण्याकडे येताना मधला जो ओबडधोबड आवाज असतो, त्याला तू संधीच दिलेली नाहीस. ‘शेड्स ऑफ गॉड’मधला होम्स मला अनेकदा अवघडलेला वाटतो, पण त्या अवघडलेपणाशिवाय ‘आयकॉन’मधला आवाज त्याला सापडला असता, असे मला वाटत नाही.

आता वादाचा भाग. 1997 च्या ‘वन सेकंड’मध्ये कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक ताल पुढे आले, होम्सने केसही कापले (मेटलच्या जगात याचीही चर्चा होते, हे तुला सांगायला नको). 1999 मध्ये ईएमआय या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीकडून ‘होस्ट’ आला, तेव्हा जुने श्रोते हादरले. डेपेश मोड या इलेक्ट्रॉनिक पॉप बँडच्या ध्वनिमुद्रणांवर काम केलेला स्टीव्ह लायन निर्माता होता आणि डिस्टॉर्शनची, म्हणजे गिटारच्या मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, ती ओळखीची भिंत जवळपास नाहीशी झाली होती. मोठ्या कंपनीने बँडला बिघडवले, असे तेव्हा म्हटले गेले आणि अजूनही म्हटले जाते. मला ते पटत नाही. हे वळण ‘वन सेकंड’मध्ये, म्हणजे ईएमआयकडे जाण्याआधीच, घेतले गेले होते. शिवाय ‘होस्ट’ हेडफोन लावून शांतपणे ऐकलास, तर मॅकिन्टॉशची चाल तीच असल्याचे तुझ्या लक्षात येईल: खाली उतरत जाणारी, शेवटच्या स्वरावर रेंगाळणारी, पुन्हा पुन्हा फिरून येणारी लहानशी सुरावट. पूर्वी ती गिटारच्या तारेवर होती, येथे ती तंतुवाद्यांवर आणि कीबोर्डवर गेली. पोशाख पूर्ण बदलला, चाल मात्र ओळखता आली, आणि म्हणूनच ‘होस्ट’ मला फसलेला अल्बम वाटत नाही.

फसला तो पुढचा, 2001 चा ‘बिलीव्ह इन नथिंग’. गिटार परत आले, पण सुरावटी पातळ झाल्या. ऐकताना कोणाला तरी खूश करण्याची धडपड जाणवते. बँडच्या सदस्यांनीही पुढे त्याच्याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि 2018 मध्ये तो नव्याने मिक्स करून (वाद्ये आणि आवाज पुन्हा जुळवून) काढला. ‘होस्ट’ हा आपल्या आवडीच्या मागे लागून केलेला बदल होता आणि ‘बिलीव्ह इन नथिंग’ ही दोन्ही बाजूंचे श्रोते सांभाळण्याची तडजोड. बँडमधल्या दोघांची समजूत काढण्यासाठी तू सुचवलेला मार्ग, म्हणजे प्रत्येक गाण्यात थोडा ग्रोल आणि थोडे सरळ गाणे वाटून टाकण्याचा, मला या दुसऱ्या जातीचा वाटतो. तो टाळ.

त्या दोघांविषयी आणखी एक सांगायचे आहे. ‘होस्ट’च्या काळात सर्वांत कमी वाव कोणाला उरला असेल, तर तो ऱ्हिदम गिटारला, म्हणजे एडीला. तरीही तो बँडमध्येच राहिला, आणि पुढे जड रिफ परतले तेव्हा ते वाजवायला तोच होता. गीतकार आणि संगीतकारांची नेहमी चर्चा होते, पण बँड टिकतो तो अशा माणसांवर. तुझ्या दोघांना नव्या गाण्यांत नेमके काय वाजवायला मिळणार आहे, याचा विचार तुझ्या पत्रात कोठेच दिसला नाही. ते जे बोलत आहेत ते शैलीविषयी असले, तरी त्यांचे दुखणे कदाचित हे असेल.

परतीचा प्रवासही पाहून घे, कारण ‘नाही जमले तर पुन्हा जुन्याकडे येऊ’ असे तू सहज लिहून गेला आहेस. 2002 ते 2005 या काळात बँड हळूहळू जडपणाकडे सरकला आणि 2007 च्या ‘इन रिक्वीम’पासून तो ठामपणे मेटलमध्ये परतला, पण ग्रोल पूर्ण ताकदीने यायला 2015 चा ‘द प्लेग विदिन’ उजाडला. दरम्यान मॅकिन्टॉशने वडिलांच्या निधनानंतर व्हॅलेनफायर हा जुन्या वळणाचा डेथ मेटल बँड काढला होता आणि त्यात तो स्वतः गात होता. होम्स 2014 मध्ये स्वीडनच्या ब्लडबाथ या डेथ मेटल बँडमध्ये गायक म्हणून गेला होता. दोघांनाही तो आवाज बाहेर, वेगळ्या नावाखाली, पुन्हा आवडू लागला आणि मग तो घरी आला. श्रोत्यांनी पंधरा वर्षे मागणी केली म्हणून आलेला तो नाही. नंतर 2017 च्या ‘मेड्युसा’त ते संथ डूमच्या (मेटलच्या सर्वांत संथ, जड प्रकाराच्या) तळाशी गेले आणि 2020 च्या ‘ऑब्सिडियन’मध्ये तोच ग्रोल गॉथिक रॉकच्या शेजारी बिनदिक्कत बसला. 2023 मध्ये तर होम्स आणि मॅकिन्टॉश यांनी होस्ट याच नावाने वेगळा इलेक्ट्रॉनिक प्रकल्प काढला आणि त्याच वर्षी बँडने ‘आयकॉन’ नव्याने ध्वनिमुद्रित केला. 2025 मध्ये ‘असेन्शन’ आला आहे; तो मात्र आधीचे सगळे ऐकल्यावरच ऐक.

तेव्हा निर्णय घेण्याआधी एवढे कर. दोन्ही गाण्यांतून आवाज, कीबोर्ड आणि ड्रम काढून केवळ तुझी लीड गिटार आणि खालचा रिफ ध्वनिमुद्रित कर. जॅमरूममध्ये चौघे बसून ते एकापाठोपाठ ऐका आणि हे एकाच माणसाने बांधले आहे असे त्या दोघांना वाटते का, ते विचार. होय म्हणाले, तर सरळ गाण्यावर काम चालू ठेव आणि त्यांच्यासाठी नवे रिफ लिहायला घे. नाही म्हणाले, तर दुसऱ्या गाण्याची चाल पुन्हा बांधावी लागेल, आणि त्यात आवाजाचा काही दोष नसेल. दोन्ही ध्वनिमुद्रणे मलाही पाठव. मिक्स करू नकोस, कच्चीच पाठव.

तुझा,
एक जुना श्रोता