चेक इंजिनचा दिवा लागलाय? आधी कोड वाच
भावा, घाबरू नको, आधी बघ दिवा नुसता लागलाय की लुकलुकतोय. लुकलुकत असेल तर गाडी दामटू नको, बाजूला घे, मिसफायरमुळे, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटल्यामुळे, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला पार्ट) जाऊन जळतं आणि तो पार्ट लय महाग पडतो. नुसता लागला असेल तर स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीचा बिघाड वाचायचं) असतं, त्यात स्कॅनर लाव, दिसेल तो बिघाडाचा कोड लिहून ठेव, मगच क्लिअर कर. समजा पेट्रोल गाडीत पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबर सिलिंडरला मिसफायर, तरी लगेच नवी कॉईल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) आणू नको, इंजिन गार झालं की दोनची कॉईल एकवर टाक, एकची दोनवर, परत स्कॅन केल्यावर कोड पी०३०१ झाला तर कॉईलच गेलीये, नाहीतर प्लग काढून बघ. माझ्या गाडीला एका गॅरेजवाल्याने न तपासताच सेन्सर बदलला होता, गेलेला होता साधा प्लग! आणि लाल ऑइलचा दिवा वेगळा हां, तो चालत्या गाडीत लागला तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद कर.